सुपाला बांधलेला फोन

ठाण्याच्या एका लहानशा कंपनीत मी मोबाइलवरचे गेम बनवते. तिथं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कल्पनांवर काम केलं; पाखडण्याचा गेम मात्र माझ्या डोक्यातून निघालेला पहिलाच. फोन दोन्ही हातांत आडवा धरायचा आणि सुपासारखा हलवायचा. पडद्यावरचे तांदूळ उडतात, कोंडा वाऱ्यावर जातो, दाणे सुपात राहतात.

फोनच्या पोटात दोन इवलेसे सेन्सर असतात. फोन किती जोरात हलला हे एकाला कळतं, तो कुठं कलला, किती फिरला हे दुसऱ्याला. एवढ्यावर पाखडणं ओळखता येईल असं मला वाटलं होतं. पण कुणी फोन खुळखुळ्यासारखा वाजवला तरी गेम त्याला पाखडणंच समजायचा. अटी कडक केल्या, तर सगळ्यांचेच दाणे सांडायला लागले. शेवटी आमचे सर म्हणाले, "एक आठवडा देतो. नाही जमलं तर हलवणं काढून टाकू. बोटानं पडदा घासला की दाणे उडतील."

मी लॅपटॉप उचलला आणि गावी आले. आमचं गाव टोकावड्याच्या पुढं, घाटाच्या रस्त्यावरून आत. भात नुकतंच गिरणीतून भरडून आणलेलं होतं आणि आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी तिच्या हातात फोन दिला. "आई, हे सूप समज आणि पाखड."

तिनं दोनदा पाखडलं. पडद्यावर सगळे तांदूळ जमिनीवर. तिनं फोन परत केला. "ह्ये सूप नाय गो. ह्याला कायच कळत नाय."

मला राग आला, आणि मग एकदम लक्षात आलं. पाखडण्यात जिचा हात आख्खी आळी मानते, तिला माझा गेम नापास करत होता. म्हणजे चूक कुणाची हे उघडच होतं.

मी जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि फोन सुपाच्या खालून, तिचे हात येतात तिथं, घट्ट बांधला. आई हसायला लागली. "तांदूळ पाखडू का फोन?"

"दोन्ही."

ती पाखडत राहिली, फोन एकेक हालचाल टिपत राहिला. लॅपटॉपवर आलेख काढला तेव्हा प्रत्येक उडवण्याला एक उंच टेकाड दिसलं, आणि टेकाडाला लागूनच एक खोल दरी. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी असल्या दऱ्या गाळून टाकल्या होत्या. हात परत खाली येतो, त्यात काय बघायचं, असं वाटलं होतं. मी आईला विचारलं, "उडवल्यावर तू काय करतेस?"

"काय म्हंजे? झेलते."

तिनं सावकाश करून दाखवलं. "उडवाया कुणाला बी येतं. दाना खाली येताना सूप बी त्याच्यासंगं खाली न्यायाचं. त्याला आपटू द्यायाचा नाय. आपटला का उसळून भायेर गेला."

मी त्या आकड्यांकडे पाहत राहिले. वस्तू हातातून सुटून पडत असेल तेव्हा हा सेन्सर जवळजवळ शून्य दाखवतो. आईच्या दरीच्या तळाशी तोच आकडा होता. क्षणभर तिचं सूप दाण्यांच्या बरोबरीनं पडत होतं. याच अंगणात, तिच्या शेजारी बसून मी लहानाची मोठी झाले आणि मला हे कधी दिसलं नव्हतं.

दोन दिवस मी तिला तेच तांदूळ पुन्हा पुन्हा पाखडायला लावले. "आता ह्यांच्यात तोंड दिसंल," ती कुरकुरली, पण थांबली नाही. कोंडा पुढं आणि दाणे स्वतःकडे यावेत म्हणून ती मनगट जरासं कलवते, तेही दुसऱ्या सेन्सरच्या रेषेत सापडलं. मी ओळखायची पद्धत नव्यानं लिहिली. उडवणं आणि झेलणं दोन्ही झालं, तरच ते पाखडणं.

गेम दाखवायच्या दिवशी मी आईला सोबत नेलं. "मी तिथं येऊन काय करू?" म्हणत होती, पण लग्नाकार्याची साडी नेसून तयार झाली.

सरांनी फोन घेतला. दाणे सांडले. दुसऱ्यांदा सांडले. तिसऱ्यांदाही. ते माझ्याकडे वळले, मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "साहेब, उडवताय बराबर. झेलत नाय तुमी."

सरांनी फोन तिच्यापुढं केला. तिनं पदर खोचला, फोन दोन्ही हातांत धरला आणि सुरुवात केली. कोंडा उडून गेला, तांदूळ लख्ख झाले आणि एकही दाणा बाहेर पडला नाही.

"आई, परत दाखवा," सर म्हणाले.

मग तिनं सगळ्यांना शिकवलं. एरवी खुर्ची न सोडणारी आमची पाच-सहा जणं उभी राहून तिच्या तालावर फोन वर-खाली करत होती, आणि ती एकेकाचं मनगट धरून सांगत होती, "हळू, हळू, त्याच्यासंगं ये." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला शाबासकी मिळाली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

बोटानं पडदा घासायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात आईचं नाव सर्वात वर घालायचं हे सरांनीच सुचवलं. गेम बाहेर आल्यावर मी तिला ते दाखवलं. तिनं प्रत्येक अक्षराखाली बोट धरून आपलं नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत तिच्या माहेरची एक बाई भेटली. माझ्याकडे बघून तिनं आईला विचारलं, "लेक काय करते गो तुझी?"

"आमी दोघी गेम बनवतो," आई म्हणाली, आणि बाईला बसवून घेऊन सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.