डोळ्याची घागर

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. बयाबाईंचा तर पहिल्याच दिवशी आला.

सातारा जिल्ह्यात, औंधकडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. इमारत जुनी, दगडी. डब्यातला रंग तिला टिकत नाही, वर्षात पोपडे सुटतात, म्हणून दर दिवाळीआधी चुनाच मारतात. ते काम बयाबाईंचं. साठी ओलांडलेली धनगराघरची काटकुळी बाई, डावा डोळा पांढरा पडलेला. त्यांनी आल्या आल्या ना पिंप मागितलं ना कुंचला. म्हणाल्या, "आदी माजी घागर भरून द्या."

पाण्याची आमच्याकडे बोंब. नळ एकाआड एक दिवस, तोही तासभर. शिपाई ज्ञानूने कुरकुरत टाकीच्या तळातून घागर भरली. पोचे पडलेली ती पितळी घागर बयाबाईंनी सावलीत ठेवली, वर ताट झाकलं. चुना विरवायचं पाणी वेगळ्या पिंपात. घागरीला मात्र कुणी शिवायचं नाही. मी पेलाभर पाणी मागायला गेले तर तोंडावर म्हणाल्या, "डोळ्याची घागर हाय ती. पेयाला न्हाई मिळायची." असेल कसला तरी नवस, असं म्हणून मी पाय आपटत परत आले.

दुसऱ्या दिवशी बारावीला एन्थाल्पी शिकवत होते. कुठल्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, कुठल्या अभिक्रियेत आत घेतली जाते, वगैरे. दाखवायला कळीचा चुना घेतला, पाणी घातलं. ढिम्म काही झालं नाही. थर्मामीटर धरलेली सोनम म्हणाली, "मॅडम, अजून सव्वीसच." वर्ग फिदीफिदी हसला.

खिडकीबाहेर बयाबाई भिंत घासत होत्या. "मेलाय त्यो चुना. बाटलीत बसून हवेतलं पानी पिलाय, आता काय तापतोय?"

बरोबरच होतं त्यांचं, आणि म्हणूनच मला झोंबलं. बाहेर जाऊन त्यांच्या ढिगातले दोन खडे उचलून आणले. त्या मागे ओरडल्या, "आवं, त्यो जित्ता हाय! पोरींची त्वांडं लांब ठेवा!"

"मला शिकवू नका, बयाबाई," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

डोळ्यांवर लावायचे चष्मे कपाटात, किल्ली ज्ञानूकडे, ज्ञानू गावात. कशाला थांबायचं? उष्णता निसटू नये म्हणून मी अरुंद तोंडाचा चंबू घेतला, खडे टाकले, पाणी घातलं तेही थोडंसं. क्षणभर काहीच नाही. सोनम आकडा वाचायला वाकली आणि चंबूतून फस्सकन पांढरा चिखल उडाला. तिच्या उजव्या डोळ्यात.

ती किंचाळली. मी नळ फिरवला. कोरडा. कुणीतरी "पाणी आणा" म्हणालं आणि मागून सूरज ओरडला, "पानी नको! चुना पेटतोय पान्यानं!" आणि मी, पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेली बाई, नुसती उभी राहिले. चुना अधिक पाणी म्हणजे उष्णता, एवढंच डोक्यात गरगरत होतं. माझ्यामुळे एका पोरीचा डोळा चालला होता आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं.

बयाबाई घागर कमरेवर घेऊन धावत आत आल्या. सोनमला फरशीवर कुशीवर निजवलं, गालावरचा चिखल कोरड्या पदराने पुसला, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "वता! आनि धार तोडू नगा!"

मी ओतत राहिले. सोनम "भाजतंय, सोडा" म्हणून हातपाय झाडत होती. बयाबाईंनी तिचं डोकं मांडीत घट्ट धरलं होतं. "रड, लेकी. मला शिव्या दे. डोळा झाकू नगं तेवढं." घागर संपल्यावर चुना विरवायला पिंपात भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी आणलं. अर्धा तास धार चालू होती. मग जीप आली, आणि साताऱ्यापर्यंत जीपमध्येही आम्ही बाटल्या ओततच गेलो.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा धुतलं, पट्टी बांधली. "लगेच धुतलंत म्हणून आशा आहे," ते म्हणाले. "पण नक्की आत्ताच सांगत नाही. तीन आठवड्यांनी बघू."

बाहेर बाकावर मी ढसाढसा रडले. बयाबाई शेजारी बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? एकदा चुकलंय की."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरची मेंढरं दुष्काळात संपली होती, म्हणून नवरा बिरदेव आणि त्या चुन्याच्या भट्टीवर कामाला लागले. एक दिवस पिंपातला खडा फुटून बयाबाईंच्या डोळ्यात उडाला. बिरदेव दहा पावलांवर, प्यायच्या पाण्याची भरली घागर घेऊन. पण भट्टीवरची सगळी माणसं ओरडली, पानी लावू नगा, डोळा शिजंल! चुन्यात जन्म गेलेली माणसं ती. पाणी पडलं की चुना कसा उकळतो हे रोज बघणारी. त्यांचं कोण ऐकणार नाही? बिरदेवांनी घागर खाली ठेवली. डोळ्यात तूप घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. "डागदर म्हनला, तवाच भरपूर पानी वतलं आसतं तर डोळा ऱ्हायला आसता."

"मग?"

"मग काय. ह्यांनी ती घागर कवा पेयाला वापरली न्हाई. जाईल तितं भरून ठेवायची, चुन्याजवळ. मी लय भांडले, म्हनलं झालं ते झालं. आईकत न्हवतं. मरायच्या आदी मला म्हनलं, बया, घागर रिकामी ठिवू नगंस. एकतीस वरसं भरतीया. आज पैल्यांदा उपयोगी पडली." एवढं बोलून त्यांनी चांगल्या डोळ्यावर पदर लावला.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी शिकवायला लागले. सवय. म्हटलं, चुन्यातून निघणारी उष्णता ठरलेली असते. पाणी चमचाभर असलं तर सगळी त्यातच कोंडते, पाणी उकळतं. घागरभर वाहतं पाणी असलं तर तीच उष्णता पसरून निघून जाते, आणि डोळा खाणारा चुनाही वाहून जातो. थोडं पाणी वैरी, भरपूर पाणी औषध.

बयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "एवडं कळायला मला एक डोळा लागला. तुमाला पुस्तकं किती लागली?"

"लय," मी म्हणाले. रडता रडता हसू आलं.

ते तीन आठवडे मी कसे काढले, मलाच माहीत. सोनमच्या आईच्या पाया पडले, प्राचार्यांना सगळी चूक माझीच म्हणून लिहून दिलं. चष्म्यांची किल्ली आता माझ्या गळ्यात असते. या बाईला मी पाणी मागितलं आणि नाही मिळालं म्हणून चिडले होते, हे आठवून रोज लाज वाटायची.

मग पट्टी निघाली. सोनम आली ती वर्गात न येता थेट मागच्या भिंतीकडे गेली. तिथे बयाबाई चुन्याचा शेवटचा हात मारत होत्या. त्यांनी हात पुसले, तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आपला एक डोळा तिच्या उजव्या डोळ्याजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. 

"दिसतंय का गं?"

"दिसतंय की, आजी. सगळं दिसतंय."

"मी बी दिसतीया त्यात," बयाबाई म्हणाल्या.  मग चटकन हनुवटी सोडून त्यांनी सावलीकडे बोट केलं. "जा, घागर भरून आन. शिळं पानी आत्ताच वतलंय, रिकामी हाय."