बोगद्यातून येणारी हाक

आमच्या घरात जेवणाच्या ताटाखालीही पत्रक असायचं. वडील कामगार चळवळीतले. संध्याकाळी आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो आणि शाई न वाळलेल्या एखाद्या पत्रकावर आमटी सांडली की आई म्हणायची, "राहू दे, मजकूर दिसतोय ना?" त्यामुळे अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. पुढे नोकरीसाठी मस्कतला आले, वादी अदाईत खोली घेतली, आणि अन्याय मला थेट समुद्रावर भेटला.

आमचा शुक्रवारचा कोकणी कंपू होता. मस्कतच्या पुढे डोंगर पाण्यात उतरतात तिथल्या एका खाडीवर आम्ही जायचो. किनाऱ्यावर एक अर्बाब, म्हणजे तिथला धंद्याचा मालक, कयाक भाड्याने द्यायचा. कयाक म्हणजे एका माणसापुरती, शेंगेसारखी अरुंद प्लॅस्टिकची होडी. ती वल्हवत खडकातल्या एका बोगद्यातून पलीकडच्या छोट्या वाळूवर जाता यायचं. बोगदा वळणाचा, आत अंधार, आणि अशा जागी एका वेळी एकच होडी. म्हणजे जाणारा एकटाच जायचा. आणि कंपूतला रिवाज असा, की तो जाणारा पुरुषच असायचा.

हा रिवाज राखणारे काका मालवणकडचे, सोहार औद्योगिक वसाहतीत फोरमन. सुरक्षा हा त्यांचा धर्म होता. सहलीलाही ते कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट घालून यायचे आणि पाण्यात उतरताना तेवढे काढून ठेवायचे.

"बाय, तुका वाईट वाटात," ते म्हणाले, "पण एकट्या बायलमाणसान आत जावचा नाय. धोको आसा."

"आणि तुम्हाला नाही धोका?"

"माका पण आसा. पण माका सवय हा."

मग मी बोलले. बर्फाच्या डब्यावर उभी राहून बोलले. धोका खडकात असतो, बाईपणात नसतो. नियम करायचे तर सगळ्यांना सारखे करा: लाइफ जॅकेट, डोक्यावर बॅटरी, वल्हं मधोमध, भिंतीला हात लावून ढकलायचं नाही, होडीतून पाय बाहेर काढायचा नाही कारण तळाशी सी-अर्चिन, म्हणजे काळे काटेरी गोळे. माणसं टाळ्या वाजवत होती, काकू, म्हणजे त्या काकांच्या बायको, काकडी चिरत होत्या.

"तुम्ही भांडा," त्या म्हणाल्या. "माझी काकडी होऊ दे."

शेवटचा मुद्दा खुणेचा. आतला माणूस सुखरूप आहे हे बाहेरच्यांना कळणार कसं? जॅकेटांच्या शिट्ट्यांत वाळू भरलेली. मी सुचवलं, आतल्याने घोषणा द्यावी, बाहेरच्यांनी उत्तर द्यावं. काकांना ती पद्धत लगेच पटली, कारण त्यांच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालतात ते असंच: एक जण मोठ्याने मागणं मागतो, आणि त्याने श्वास घेतला की सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मी देवाला हरकत घेतली, त्यांनी घोषणेला. तडजोड झाली. आतल्याने काहीही ओरडावं, बाहेरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणावं. बोगद्यात शब्द घुमतात, कळत नाहीत, म्हणून मी कलम जोडलं: शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. आवाज आला म्हणजे ठीक, आवाज थांबला म्हणजे संकट. मत घेतलं. एकमताने मंजूर.

"पण आज काय झाला तर," काका बोट नाचवत म्हणाले, "बायलमाणसांचो विषय कायमचो बंद."

"मंजूर!" मी म्हणाले. आई, वहिन्या, कंपूतल्या सगळ्या बायका, एवढंच काय पुढच्या पिढ्यासुद्धा माझ्या कयाकमध्ये बसल्या आहेत असं मला वाटलं. होडी जड लागत होती.

आत गेले. ओरडले, "समान हक्क, समान नियम!"

बाहेरून गडगडाट आला, "व्हय म्हाराजा!"

आयुष्यात माझ्या एकाही घोषणेला एवढा प्रतिसाद मिळाला नव्हता. मी चेकाळून एकामागून एक घोषणा देत सुटले. आणि बोगद्याच्या मध्यावर, वळणावर, होडीखाली खर्रर्र असा आवाज होऊन सगळं थांबलं.

माझं भाषण इतकं लांबलं होतं की मधल्या वेळात ओहोटी लागली होती. होडी एका खडकाच्या पायरीवर बसली होती, कुकरवर झाकण बसावं तशी. मी पुढे झुकले, मागे झुकले. बॅटरीच्या उजेडात तळाचे काळे गोळे काटे हलवत होते. माझ्या चपला किनाऱ्यावर.

"अडकले!" मी ओरडले.

"व्हय म्हाराजा!"

"अहो, खरंच अडकले!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी कोणी तरी ताल धरून टाळ्याही वाजवल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी लिहिलेल्या नियमात "ठीक नाही" असं सांगायची सोयच नव्हती. सुटायचं तर एकच मार्ग होता: गप्प बसणं. आणि मला ते कोणी शिकवलंच नव्हतं. मी तोंडावर हात ठेवला. मनात बारा पत्रकं उसळली. एकदा "निषेध" एवढा शब्द निसटला, त्याचंही "व्हय म्हाराजा" झालं आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

अखेर शांतता जमली. थोड्या वेळाने पाणी डुचमळलं आणि दुसऱ्या कयाकमधून काका आले.

"तुका सांगलेला…" त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांची होडी खर्रर्र करून माझ्या मागे चढली. ते माझ्यापेक्षा बरेच वजनदार होते, त्यामुळे जास्त पक्के बसले. त्यांनी पायांकडे पाहिलं. अनवाणी.

"अडाकलंय रे!" काका ओरडले.

"व्हय म्हाराजा!"

"अरे मेल्यांनो!"

"व्हय म्हाराजा!"

"काका, गप्प बसा," मी कुजबुजले. "तोच नियम आहे."

"ह्यो नियम कोणी केल्यान?"

"एकमताने झाला."

आम्ही दोघं अंधारात तोंड मिटून बसलो. फोरमनला गप्प बसणं माझ्याहून जड जात होतं. त्यांचे खांदे हलायचे, गालात हवा भरायची, मग सुस्कारा. बाहेरही शांतता. नंतर कळलं, कंपूला वाटलं होतं की काका पोचले, आता दोघं आत निवांत वाद घालत असतील. फक्त काकूंनी सुरी खाली ठेवली.

"हे इतको येळ गप रवत नाय," त्या म्हणाल्या. "काय तरी झालाहा."

वळणावर तिसरा उजेड दिसला. पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट, मांडीवर ताडपत्रीची दोरी, आणि पायात सोहारचे लोखंडी टोकाचे बूट. काकू त्यापूर्वी कधी कयाकमध्ये बसल्या नव्हत्या. होडी पायरीच्या अलीकडेच थांबवून त्या खाली उतरल्या, त्या काट्यांच्या गोळ्यांवर बाजारात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या, आणि दोन्ही होड्या दोरीने मागे ओढल्या. आधी नवऱ्याची.

"अगो, सांभाळून!" काका म्हणाले.

"बूट तुमचेच आसत," काकू म्हणाल्या.

किनाऱ्यावर काकांनी घसा खाकरला. अट अटच होती, आणि झालं तर होतंच.

"बायलमाणसांचो विषय…" त्यांनी सुरू केलं.

"काढा विषय," काकू बूट उपडे करून पाणी ओतत म्हणाल्या. "मी एकटी जाऊन इलंय. माका ओढूक कोण येवक नाय."

काकांनी काकडी खाल्ली.

पुढच्या शुक्रवारी आधी भरतीची वेळ पाहिली, भाषण झालं नाही, आणि पहिली पाळी काकूंची लागली. नियमात मी दुरुस्ती सुचवली होती: संकट असेल तर वल्हं खडकावर सलग आपटायचं. काकू आत शिरल्या आणि गप्प. काका पाण्यात गुडघाभर उभे. "अगो, काय तरी बोल!"

मग आतून काकूंचा आवाज घुमत आला, लांबलचक, चढाउताराचा, चांगलाच खणखणीत. शब्द एकही कळला नाही, पण रोख काकांवर होता याची मला खात्री आहे.

काकूंनी श्वास घेतला, आणि सगळ्यांत मोठ्याने काकाच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"