टॅब मागे घेत नाही

ऑफिसात सगळे त्याला तोफ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आमची कंपनी यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतर करून देते. पंप कसा बसवायचा, पातं कसं बदलायचं, असला रुक्ष मजकूर तपासणं हे त्याचं काम. ऐन तारुण्यात त्याची नजर गेली. आधी कडा धूसर झाल्या, मग मधलंही गेलं. नोकरी मात्र त्यानं सोडली नाही. कानात हेडफोन, त्यातून स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज, आणि हाताखाली कीबोर्ड. माऊसचा बाण दिसतच नाही म्हटल्यावर माऊस धरून करायचं काय? टॅब दाबला की पुढच्या चौकटीत, पुन्हा दाबला की ‘सेव्ह’वर, मग एंटर. त्या एका बटणावर त्याचं सगळं काम चालायचं.

मग कंपनीनं लिहिण्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. बनवणारा त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

सोमवारी ते सगळ्यांच्या मशीनवर आलं. तोफेनं पहिलं पान तपासलं, टॅब दाबला. कानात आवाज आला, “रिकामी जागा.” पुन्हा दाबला. “रिकामी जागा.” कर्सर तिथेच, ओळ तेवढी आत सरकत चाललेली. चौकटीतून बाहेर पडायला वाटच नाही. शेवटी मी उठून माऊसनं सेव्ह करून दिलं. दुसऱ्या पानालाही तेच. तिसऱ्या पानाला त्यानं हेडफोन टेबलावर आपटला.

“कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

मेहुणा धावत आला. “भाऊजी, टॅबनं आता ओळ आत सरकते. बहुतेकांना तेच हवंय. तुम्हाला नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.”

“सेटिंगमध्ये जाऊ कसा? बाहेर पडायलाच टॅब लागतो ना! मला खोलीत कोंडलंस आणि वर सांगतोस, किल्ली अंगणात टांगलीय.”

“बरं, मी बदलून देतो तुमचं.”

“माझं देशील. उद्या माझ्यासारखा दुसरा कोणी आला तर? तो कोणाच्या नावानं हाका मारणार?”

“आणि आमचं काय?” मागून आवाज आला. सुट्या भागांचे तक्ते बनवणारी बाई होती ती. आम्ही तिला तक्तेवाली म्हणतो. ओळी आत सरकवायला वर्षानुवर्षं स्पेसबार बडवून तिच्या उजव्या मनगटाला पट्टा आलेला. “हे मागून मागून माझा घसा कोरडा पडला. आता कुठे मिळालं, तर ह्यांना नको!”

“तुझं मनगट दुखतंय, माझं कामच बंद पडलंय. हे नखरे नंतर कर.”

तक्तेवाली लालबुंद होऊन तडक बाहेर गेली. मेहुणाही भडकला. “प्रत्येक ठिकाणी तुमचंच खरं! घरी तेच, इथेही तेच!”

घरी वहिनींनी त्याला फैलावर घेतलं. त्यांनीच मला नंतर सांगितलं. “माझ्या भावाला चारचौघांत झापलंत, तेही एक वेळ चालेल. तिच्या दुखण्याला नखरे म्हणालात? तुमच्या दुखण्याला कोणी म्हटलं असतं तर?” तो न जेवता उठला.

सकाळी तो टेबलांना हात लावत लावत थेट तक्तेवालीपाशी गेला. “कालचा तो शब्द मागे घेतो. टॅब मागे घेत नाही.”

“मीही घेत नाही,” ती म्हणाली.

आठवडाभर धुसफूस चालली. मग मेहुण्यानं टॅब पूर्वीसारखा केला. ओळ आत सरकवायला दोन बटणं एकदम दाबायची, असं ठरवलं. आणि सगळ्यांना निरोप धाडला: ‘आपल्या अंध सहकाऱ्याच्या सोयीसाठी हा बदल केला आहे. इतरांना होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व.’

तोफेच्या कानातल्या आवाजानं तो निरोप वाचून दाखवला. तो उठला तेव्हाच मला कळलं, आता धडाडणार.

“सोय? कामाच्या जागी काम करता येणं ही सोय?”

“भाऊजी, तुमच्याच बाजूनं लिहिलंय!”

“बिल माझ्या नावावर फाडलंस. आता ज्याचं ज्याचं बोट वाकडं होईल तो मला शिव्या घालेल. चूक तुझी होती, तू सुधारलीस, एवढं लिही.”

“आणि माझ्या मनगटाचं त्यात एक अक्षर नाही,” तक्तेवाली उभी राहिली. “एका बटणाच्या जागी दोन दिलीत!”

“तिला एकच बटण दे,” तोफ गरजला. “टॅब सोडून कुठलंही!”

मेहुण्याचे कान तापले होते, पण त्यानं निरोप बदलला. ‘टॅबनं चौकटीबाहेर जाता येत नव्हतं, ती आमची चूक होती.’ पुढच्या आवृत्तीत तक्तेवालीला कीबोर्डाच्या वरच्या ओळीतलं एक बटण मिळालं. तिथवर हात ताणावा लागतो म्हणून ती अजून कुरकुरते.

मेहुणा पुढे कित्येक महिने बहिणीकडे यायचा, चहा घ्यायचा, आणि तोफ बाहेरच्या खोलीत आला की चपला घालायचा. वहिनींना वाईट वाटायचं. तोफेला विचारलं तर म्हणायचा, “रुसू दे. मला राग आला तेव्हा मी कुठे कामावर यायचं थांबवलं?”