कोरडी चादर, कोरडा घसा

आत्ताच सांगलीहून आले. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितेय.

तासगावची माझी आत्या सांगलीतल्या एका वृद्धाश्रमात आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच असते. आज गेले तर खोली चकाचक, चादर पांढरीशुभ्र, आत्याची वेणीही घातलेली. बरं वाटलं.

आत्याने मात्र माझ्या हातातली पाण्याची बाटली ओढली आणि घटाघटा संपवली.

"लय तान लागलीया गं. पर कुणाला सांगू नगंस."

तेव्हा मला तिचे फाटलेले ओठ दिसले.

सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, तर सहज म्हणाल्या, "आवं ताई, पाणी जास्त दिलं की सारखं अंथरूण भिजतंय. मग तुमीच म्हणता वास येतोय. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला देतो की आमी!"

मी स्वतः नर्स आहे. माझा तोल सुटला. व्यवस्थापकांना गाठून म्हटलं, "याला काळजी म्हणत नाहीत, छळ म्हणतात!"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आजवर एकाही नातेवाइकाची तक्रार नाही."

नसणारच! आपण फरशी बघतो, चादर बघतो आणि समाधानाने घरी येतो.

व्यवस्थापकांना आत्याच्या खोलीत उभं करून मी तिथल्या सगळ्यांना पाणी पाजलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी दोन पेले प्यायल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "उद्या येशील का गं?"

आत्याला मी उद्या घरी आणतेय. त्या आजी तुमच्यापैकी कुणाच्या आहेत?