बर्फ ऐकायला निघालेल्या बाई

व्हिसाचे कागद जमा करायला गेलो होतो, तेव्हा त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. अंगावर काठाचं पातळ आणि पायांत जाडजूड नवे बूट. मधूनच त्या एक पाय उचलून अलगद खाली टेकवायच्या.

माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाल्या, "सवय करतीया. बर्फात चालायचं हाय."

नवऱ्यामागे उसाची शेती त्यांनीच सांभाळली होती. बर्फ बघायची हौस मात्र त्याहून जुनी. मागच्या खेपेला अर्ज नामंजूर झाला. एकटी बाई पर्यटक म्हणून जाऊन परत येईलच, याची तिकडच्यांना खात्री वाटली नाही. या वेळी त्यांनी परतीचं तिकीट, बँकेचे कागद, सातबाराचं भाषांतर, सगळं आणलं होतं.

खिडकीतल्या मुलीने कागद चाळत विचारलं, "आजी, तिकडे कोण आहे तुमचं?"

"कुनी न्हाई."

"मग एवढ्या लांब कशाला?"

"बर्फ पडताना आवाजच हुत न्हाई म्हनत्यात. तेवढं ऐकून माघारी येते."

मुलीने कागद नीट जुळवून आत ठेवले. माझ्या अर्जात मी नुसतं 'पर्यटन' लिहिलं होतं.

पुढे पासपोर्ट घ्यायला गेलो, तर त्या दारातच भेटल्या.

"मिळाला?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. बाहेर ऊन रणरणत होतं, रिक्षा कोकलत होत्या. पायरीवर उभ्या राहून त्यांनी डोळे मिटले आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला.