मिसिंग

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार. रक्कम दोनशे चाळीस रुपये: फवारणी पंपाची हातभर नळी आणि दोन क्लिपा. हजर तिघं: मी, माझा धाकटा भाऊ आणि मेकॅनिक. गुरुवारी भावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आणायला घोडा नको, ती लाल गाडी पाठवा, असा टेंभुर्णीहून मुलाकडच्यांचा निरोप आला होता.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, छप्पर मागं घडी होणारी. भावाचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे. त्यानं आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली ही एकच वस्तू, तीही एका ठेकेदाराकडून, जुनी. रस्त्यावर ती छान पळायची. उभी राहिली की बिघडायची. एक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनाचा आवाज खाली-वर व्हायचा, अख्खी गाडी थरथरायची आणि थोड्या वेळानं गचका देऊन बंद पडायची. आमच्याकडच्या गॅरेजात याला एकच शब्द आहे: मिसिंग. आणि वरातीत गाडीला पळायचं नसतंच. बँडच्या मागं उभंच राहायचं असतं.

भावाला खरी भीती गाडीची नव्हती. त्याची मुलगी बोलताना अडखळते. मधेच कधी ‘प’ नाहीतर ‘म’वर जीभ अडते, मग शब्द एकदम सुटतो. बघायला आले तेव्हा तिनं ते स्वतःच सांगितलं. मुलगा म्हणाला, चालतं. पण त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, बशीतला चहा फुंकत म्हणाले, “हुईल हळूहळू चालू. थंडीत आमचं ट्रॅक्टर बी असंच करतंय.” सगळे हसले. भाऊही हसला. ते गेल्यावर मला म्हणाला, “दादा, ह्या माणसाला दुसरा चान्स द्यायचा न्हाई.”

म्हणून गाडी. प्लग बदलून झाले होते, धूळ-काजळी साफ करून झाली होती, स्क्रू फिरवून रेस वाढवून झाली होती. प्रत्येक इलाज गल्लीच्या तोंडापर्यंत टिकला. त्या रविवारी मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवून एकेका नळीवर क्लीनरचा फवारा मारला. एका जाड रबरी नळीवर फवारा पडला आणि आवाज बदलला.

“हितून हवा घेऊन राह्यली,” तो म्हणाला. नळी वाकवून दाखवली. खालच्या अंगाला ती चिरली होती. “कंपनीची असली नळी पुण्याहून येईल. आठ दिवस.”

“गुरुवारी लग्न आहे,” भाऊ म्हणाला.

“मंग घोडा सांगा ना शेठ. घोड्याला नळी लागत न्हाई.”

घोडा मीही सुचवला होता. हिशेबानंही तो स्वस्त पडत होता. पण गाडी नाही म्हटलं की का नाही ते सांगावं लागणार आणि दाजींना तेवढंच पुरणार, असं भावाचं म्हणणं. शेवटी फवारणी पंपाची नळी कापून बसवली. बोनेटवर हात ठेवून भाऊ बराच वेळ उभा राहिला. आवाज एका सुरात होता.

“ही पाण्याची नळी हाय, शेठ,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “जास्ती टाइम उभी ठेवू नका. गरमीनं सुटंल.”

असली नळी मागवून ठेवली आणि आम्ही निघालो.

गुरुवारी गाडी भावानंच चालवली. चवडा ब्रेकवर आणि टाच एक्सिलेटरवर ठेवून तिला जिवंत ठेवायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. नवरीचा बाप स्टिअरिंगवर, शेजारी बाशिंग बांधलेला नवरदेव, पुढं बँड. पोरं नाचायची थांबेनात. दाजी परत परत बँडवाल्यांना थांबवून तेच गाणं वाजवायला लावत होते. मांडव समोर दिसत होता. तिथंच आवाज खाली-वर व्हायला लागला. भावानं माझ्याकडं बघितलं. गाडी थरथरली, गचका बसला आणि बंद पडली. नळी सुटून लोंबत होती.

दाजींनी हात वर करून बँड बंद करायला लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“ओ मामा, गाडी बी तोतरी का?”

पहिल्यांदा पोरं हसली, मग बाया.

“गाडीला अन् लेकीला एकच मेकॅनिक लावा. खर्चा वाचंल!”

मी नवरदेवाला म्हणालो, “जावईबापू, दहा पावलं आहेत, चालत चला.” दाजी मधेच म्हणाले, “नवरदेव उतरत नसतो. ढकला.” भाऊ खाली उतरला, नव्या सफारीच्या बाह्या वर केल्या. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. गाडी हलेना. पुन्हा जोर लावला. मागं वळून पाहिलं तर सगळ्यांचे मोबाईल आमच्याकडं. दाजींनी आत हात घालून हँडब्रेक ओढून ठेवला होता. नवरदेवाला ते दिसत होतं. तो रुमाल तोंडाला लावून हसत होता.

हँडब्रेक सोडून गाडी ढकलत नेली. मांडवाच्या दारात दाजींनी भावाच्या वरच्या खिशात आहेराचं पाकीट सरकवलं. पाचशे एक. “ड्रायव्हरचं बक्षीस,” ते म्हणाले. भाऊ म्हणाला, “धन्यवाद, दाजी.” आत अक्षता वाटून झाल्या होत्या.

मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा भावानं विचारलं, “बरं आहे ना तिकडं?”

“बरं आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “मला तिकडं नावानं न्हाई हाक मारत. म... म...” आम्ही थांबलो. ओठ मिटलेले, मान हलत होती. “मिसिंग,” ती म्हणाली. “दाजींनी ठेवलं. आता सगळेच म्हणतात. मलाच म्हणून दाखव म्हणतात आणि मोबाईलवर काढतात.”

भावजय उठून आत गेली. भाऊ म्हणाला, “आणि जावईबापू?”

“मोबाईल त्यांचाच असतो.”

मी म्हणालो, जाऊ नको इतक्यात, राहा. ती म्हणाली, “किती दिवस, काका?”

भाऊ तिला गाडीतून पोचवायला निघाला त्या दिवशी असली नळी येऊन पडली होती. वाटेत दोघं गॅरेजवर थांबले; मी स्कूटरवर मागून गेलो. नळी लगेच बसली. मेकॅनिकनं इंजिन चालू केलं, मग इकडं तिकडं बघत म्हणाला, “एक रुपया द्या कुणी.” भावानं खिशातून ते पाकीट काढलं. वर चिकटवलेला रुपया मेकॅनिकनं नखानं सोडवला आणि चालू इंजिनाच्या झाकणावर कडेवर उभा केला. रुपया उभा राहिला. हललासुद्धा नाही.

गाडीत बसलेल्या मुलीकडं बघून तो खुशीत म्हणाला, “बघ बेटा, गेली मिसिंग!”

भावानं इंजिन बंद केलं.

शेवटी दिले: नळीचे एकोणीसशे साठ भावाच्या खिशातून, मजुरीचे पाचशे पाकिटातून, दोन्ही मेकॅनिकला. वरचा रुपया मेकॅनिकनं मुलीच्या हातात दिला. टेंभुर्णीपर्यंत गाडी कुठंच बंद पडली नाही.