माणच्या बापूंनी अडवलेला दर्या

दगड घडवताना कपच्या उडतात. त्या कुणी मोजत नाही, पण बसायला गेलं की टोचतात. आमच्या बापू मुकादमांचे किस्से तसलेच. मी चौथीतून पळालेला माणूस, तेव्हा माझ्या चुका शोधत बसू नका. ऐकायचं तर ऐका!

नव्वदीनंतरची गोष्ट. कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावात दर्या दरवर्षी आत सरकत होता. कोटाचा बुरूज गेला, आता जुन्या पेठेची पाळी. भिंत बांधायला माणसं आणली कुठली? माण तालुक्यातली! ज्यांनी पाणी बघितलं ते टँकरात! पण इंजिनियर साहेब सांगलीचा. कृष्णेचा पूर बघत वाढलेला. बापूंची दगडावरची नजर त्याला ठाऊक होती.

पहिल्या दिवशी बापू दर्याकडं बघत नुसते उभे राहिले. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"तरीच म्हटलं एवढं कसं ऱ्हायलं! गोड असतं तर मंबईवाल्यांनी कवाच पळवलं असतं!"

*

सकाळी ओहोटीला आम्ही पाया खणला. कोरडा ठणठणीत. भाकरी खाऊन येतोय तर चर काठोकाठ भरलेला!

बापू भडकले. "कुणी रं सोडलं पाणी? बोलवा त्या पाटकऱ्याला!"

साहेब हसता हसता वाळूत बसला. पण महिन्याभरात बापू चंद्र बघून भरतीची वेळ सांगायला लागले. साहेब छापील तक्ता काढून ताडून बघायचा आणि गुपचूप खिशात घालायचा.

*

कंत्राटदारानं ट्रकभर दगड आणला. काळाभोर, देखणा. बापूंनी एकावर हातोडीची टिचकी मारली, कान लावला.

"न्हाई चालायचा. खोकतोय."

"अहो, दिसायला कसा आहे बघा!"

"फोटो काढायचाय व्हय त्येचा?" बापूंनी दुसरा घाव घातला. दगडाचे दोन तुकडे! आतून भुसभुशीत. ट्रक तसाच परत गेला. हल्ली मशिनी आल्यात म्हणे. येऊ द्या. कान कुठनं आणणार?

*

भिंतीला लागून पहिलंच घर एका आजीचं. एकटीच राहायची. घर सोडा, अशी सरकारी नोटीस तिला आलेली. तिनं त्या कागदावर मासळी निवडली! तरी एक दिवस तिनं बापूंना विचारलंच, "खरं सांग रे, राहू की जाऊ?"

बापू म्हणाले, "ऱ्हावा. पाणी तुमच्या उंबऱ्याला शिवलं, तर पुन्हा हातोडी धरणार न्हाई."

मी म्हटलं, "आवं बापू, असलं काय बोलताय? दर्या हाय त्यो!"

"आन् मी कोन हाय?"

*

आता आमची चूक सांगतो. साहेबानं भिंतीत ओळीनं भोकं ठेवायला लावली होती. लाट वरून आली तर आतलं पाणी परत जावं म्हणून. एका सकाळी बघतो तर सगळी भोकं चिखलानं बंद! लिंपलेली, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेली.

"बापू, हे काय केलंत?"

बापू खाली बघत म्हणाले, "साहेब, भोक दिसलं आन् हात आपसूक गेला. आमच्याकडं बंधाऱ्यातनं थेंब गेला तरी बाया रडत्यात."

 बापूंनीच एकेक भोक परत मोकळं केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

आषाढी अमावस्येचं उधाण. भिंत पुरी झालेली, टोळी गावी गेलेली. बापू हटले नाहीत, म्हणून मीही थांबलो. भर दुपारी पेठ देवळात चढून बसली. आमच्याकडं नवा बंधारा पहिल्यांदा भरतो, तेव्हा मुकादमानं त्याच्या पायथ्याला बसून जेवायचं असतं. बापूंनी भिंतीखाली, गावाच्या अंगाला, पोतं टाकलं आणि भाकरी सोडली.

आजी भाताचं ताट घेऊन आली. "एकटाच जेवणारेस होय रे?"

तेवढ्यात लाट वरून आली. ताट गेलं, पोतं गेलं. मागून दुसरी, तिसरी. गल्लीत मांडीएवढं पाणी! आजीच्या घराच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या. उंबऱ्याखालची एकच उरली. बापू हातात भाकरी धरून त्या पायरीकडं बघत होते.

मग भोकं गुडगुडायला लागली. एक पायरी दिसली. मग दुसरी.

मी ओरडलो, "बापू, टिकली! भित टिकली!"

त्यांचं लक्षच नव्हतं. ते एका भोकाशी उकिडवे बसलेले. पाणी धो धो बाहेर चाललेलं. त्यांचा हात दोनदा पुढं गेला, दोनदा मागं आला.

आजीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे बापू. खारं आहे ते."